कोसा, सोडा आणि शिरका

करडी व आंधळगांव हीं भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांतील गांवें. आंधळगांवची ख्याति कोशाच्या रेशमासाठीं आहे. ऐनाच्या पाल्यावर वाढणारा किडा हा कोसा विणतो. तो इतका टणक असतो कीं, नुसत्या उकळत्या पाण्यांत त्याचा धागा सुटत नाहीं. सेरिसिन नांवाचा डिंक त्यास धरून ठेवतो. म्हणून पाण्यांत अल्क मिसळावा लागतो. पूर्वीं राखेचें पाणी चाले. पुढें धुण्याचा सोडा आला. निसर्गाची युक्तीही हीच आहे. पतंग बाहेर पडतांना किंचित् अल्कधर्मी पाचक स्राव सोडून कोसा मऊ करतो.

परंतु मात्रा चुकली कीं घात होतो. डिंक जसा प्रथिनाचा, तसें रेशीमही प्रथिनाचेंच. सोडा अधिक झाल्यास डिंकापाठोपाठ धागाही झिजतो. डिंक जावा, धागा राहावा, हेंच कोसे उकळणाऱ्या स्त्रीचें कसब.

श्रोतेहो, घरीं कोशाची साडी असेल तर ती सोड्यांत भिजवूं नये. रिठ्याच्या पाण्यांत धुवावी. साबण लावलाच, तर शेवटच्या बादलींत चमचाभर शिरका घालावा. तें सौम्य अम्ल उरलेल्या अल्काचें निवारण करून झळाळी राखतें. उकळतांना जपलेला धागा धुतांना गमावूं नये.