मुलांचा अभ्यास आणि आपले रोस्टर

(आमला शाखेच्या कौटुंबिक मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेले भाषण)



आज पगार-भत्ते बाजूला ठेवून घरचा विषय काढतो आहोत. मूल मागे पडले की आपण शाळेवर नाहीतर मुलाच्या डोक्यावर खापर फोडतो. आम्हीही तेच केले. आमचा थोरला दहावीत गणितात गेला, त्या वर्षी आम्ही गेट-मीटिंगा आणि निवेदनांत बुडालो होतो. त्याची सहामाहीची गुणपत्रिका आम्ही पाहिलीच नव्हती; सही त्याच्या आईने केली होती. दुसऱ्याच्या चार्जशीटचे उत्तर मात्र आम्ही रात्र जागून लिहिले होते!

रनिंग स्टाफचे घर बघा. पूर्वी कॉलबॉय रात्री दोनला कडी वाजवायचा, आता मोबाइल वाजतो. लहान क्वार्टरात दिवा लागला की पोर जागे होते. सकाळी वडील ड्युटीवरून येऊन झोपले की मुलांनी मोठ्याने वाचायचे नाही. झोप न झालेल्या माणसाच्या हाती गाडी देता येत नाही, तेव्हा पोरांना गप्प करणाऱ्या आईची यात चूक नाही.

त्यात बदली. वर्धा, बल्लारशाहकडून माणूस इथे येतो. विभाग नागपूरच, पण मराठी शाळेतले पोर हिंदी शाळेत बसते. लिपी एकच, मग अडचण कसली, असे आपल्याला वाटते. पण अपूर्णांकाला इथे 'भिन्न' म्हणतात आणि लसाविला 'लघुत्तम समापवर्त्य'. येणारे गणितही पोर सोडून देते आणि लाजून विचारत नाही. अशा मुलाजवळ वरच्या वर्गातला एखादा कॉलनीतला मुलगा महिनाभर बसला तरी पुष्कळ होते.

शिक्षण भत्ता जानेवारी २०२४ पासून दोन मुलांपर्यंत दरमहा प्रत्येकी २८१२ रुपये ५० पैसे झाला. तो लढूनच टिकवायचा आहे. पण भत्त्याने फी भागते, शांत कोपरा मिळत नाही.

म्हणून युनियन ऑफिसची मागची खोली संध्याकाळी सहा ते नऊ मुलांना द्यायची, असे कमिटीने ठरवले आहे. पत्ते खेळणारे साथी रागावले आहेत, त्यांनी रागवावे. ठेक्यावरच्या सफाई कामगारांची मुले नकोत, असेही एक-दोघे म्हणाले. त्यांना भत्ताही नाही आणि क्वार्टरही नाही. त्यांची मुले आधी बसतील.

किल्ली सांभाळायला रोज एक माणूस हवा. रेस्ट असेल त्याने सभा संपल्यावर नाव द्यावे. सतरंज्या आहेत, पंखा एकच आहे.