कार्डाची मागची बाजू

श्रोतेहो, च्युइंगगमच्या पुडीत क्रिकेटपटूंची छोटी कार्डं मिळायची. ती जमवण्यात आपल्यापैकी अनेकांचे खाऊचे पैसे गेले असतील. कॅनडात तर 1910च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटांतून बर्फावरच्या हॉकीपटूंची कार्डं निघत. त्याच जुन्या धाटणीची कार्डं मी बीडमध्ये घरी बनवतो. पण कुणाच्या फारसे लक्षात न राहिलेल्या खेळाडूंची.

कृती सोपी आहे. जाड कागद चहाच्या पाण्यानं पिवळसर करून वाळवायचा, अडीच बाय साडेतीन इंचांत कापायचा. कृष्णधवल फोटोची प्रत काढून तिच्यावर जलरंगाचा पातळ हात द्यायचा आणि ती चिकटवायची. खाली ठसठशीत नाव. मागे मात्र बनवल्याचं खरं साल टाकायचंच. जुनं म्हणून कुणाच्या गळ्यात मारायचं नाही.

खरा कस लागतो तो मागच्या बाजूला. बाबू निमल यांचंच घ्या. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघातले हे हाफबॅक. ध्यानचंद आणि रूपसिंग सर्वांना ठाऊक आहेत, कारण त्यांचे गोल मोजता येतात. हाफबॅकनं अडवलेला चेंडू कोण मोजणार? धावा, बळी, गोल असे ठरावीक रकाने आखले, की निमल यांचं कार्ड कोरंच राहतं. मग मी रकानाच बदलला. त्या स्पर्धेत भारतानं 38 गोल केले आणि खाल्ला फक्त एक, तोही अंतिम सामन्यात. निमल यांच्या कार्डामागे 38 नव्हे, तो एकचा आकडा मी मोठा लिहिला आहे. बचावफळीची कमाई त्या एका आकड्यात आहे.

आपल्याकडे हॉकीपेक्षा कुस्ती, कबड्डी, खो-खोचं वेड जास्त. 2025मध्ये भारतीय महिलांनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार होती आपल्या बीड जिल्ह्याची प्रियंका इंगळे. तिचं कार्ड करताना सोबतच्या मुलांनी विचारलं, “धावणारी दिसते, पण खांबाजवळ बसलेली कुठंय?” प्रश्न निमल यांच्याच जातीचा होता. आता आम्ही पाटीवर बसणाऱ्यांचीही कार्डं करतो.

श्रोतेहो, जुन्या तालीम मंडळाचा, शाळेच्या संघाचा एखादा फोटो तुमच्याही घरी असेल. मधल्या ढालीवर साल असतं, कडेला उभ्या असलेल्यांची नावं नसतात. ती सांगणारं माणूस घरात आहे तोवर फोटोमागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. कार्ड नंतर केव्हाही करता येईल. नाव मात्र एकदा गेलं की कुठल्याच रंगानं परत भरता येत नाही.