गोवर पुन्हा येत नाही, मग जंत पुन्हा का होतात?

(सामुदायिक रेडिओवरील आरोग्यविषयक भाषण)



तळोद्याजवळच्या एका पाड्यावर बचत गटाची बैठक होती. जंताच्या गोळीचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "पावसाळ्यात पोरीला शाळेत गोळी दिली. होळीच्या आत पुन्हा जंत पडले. गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही. मग शरीराला जंताचीच ओळख का राहत नाही?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आज त्याचंच उत्तर बघू.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. जखमेत शिरलेला जिवाणू इतका बारीक असतो, की एक पेशी त्याला अख्खा गिळून टाकते. पण पोटातला गोल जंत वीतभर लांब, कधी त्याहून मोठा. त्याला कोणती पेशी गिळणार? म्हणून जंतासाठी शरीराची लढाई वेगळी असते.

आतड्याच्या अस्तरात काही पेशी पहाऱ्यावर असतात. त्यांना जंताचा सुगावा लागला की त्या बाकीच्या पेशींना निरोप देतात. मग आतड्यात बुळबुळीत चिकट पदार्थ जास्त सुटतो, पाणी सुटतं आणि आतडं जोरात हालायला लागतं. आपण अंगणात पाणी ओतून खराट्याने घाण लोटतो ना, तसंच शरीर जंताला बाहेर लोटायला बघतं.

काही जंतांची पिल्लं आतड्यात राहण्याआधी रक्तातून फुफ्फुसापर्यंत फिरून येतात. त्यांच्यामागे दुसरी फौज लागते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'इओसिनोफिल' असा शब्द तुम्ही पाहिला असेल. इओसिन नावाच्या गुलाबी-लाल रंगाने या पेशी रंगतात, म्हणून हे नाव. एरवी शंभर पांढऱ्या पेशींत त्या साधारण 1 ते 6 असतात. जंत झाले की वाढतात. त्या पिल्लाला चिकटतात आणि त्याच्या अंगावर जहाल द्रव सोडतात. मात्र दमा आणि ॲलर्जीतही त्या वाढतात. म्हणून नुसता आकडा बघून घरच्या घरी निदान करू नका.

एवढी फौज असून आपण हरतो का? कारण जंत हा जुना सोबती आहे. हजारो वर्षं तो माणसाच्या पोटात राहत आला आहे. तो असे पदार्थ सोडतो, की आपले राखणदार थंड पडतात. शरीरालाही जपून लढावं लागतं. फार जोरात लढलं तर आपलंच आतडं सोलून निघेल. म्हणून दोघांत एक प्रकारची तडजोड होते. जंत राहतो आणि शरीर त्याला सोसतं. गोवरासारखं कायमचं संरक्षण तयार होत नाही. या पोटातल्या जंतांवर माणसांसाठी लसही आज नाही.

पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. गोल जंत किंवा हुकवर्म पोटात अंडी घालतात, पण ती पोटात उबत नाहीत. दोन जंतांचे चार जंत पोटातच होत नाहीत. अंडी शौचातून मातीत जातात, तिथे तयार होतात आणि मग पुन्हा माणसात शिरतात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. म्हणजे पोटातला प्रत्येक जंत बाहेरून आलेला असतो. गूळ-साखर खाल्ल्याने जंत होत नाहीत. मातीचे हात, न धुतलेली भाजी आणि उघड्यावरचं शौच यांतून होतात. हुकवर्म तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ज्याचं रक्त आधीच कमी, त्याला हे नुकसान फार महागात पडतं.

आपल्यातल्या वयस्क बायांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा. नारूवर लस नव्हती, मारणारं औषध नव्हतं आणि एकदा होऊन गेला तरी तो पुन्हा व्हायचा. महाराष्ट्रातही तो होता. मग लोकांनी पाणी फडक्याने गाळून प्यायला सुरुवात केली, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले. 1996 नंतर देशात नारूचा रुग्ण सापडला नाही आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. शरीर जिथे कमी पडलं, तिथे घराघरातलं फडकं कामी आलं.

आता आपल्या हातात काय आहे ते ऐका.

जंताची गोळी म्हणजे अल्बेंडाझोल. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडी आणि शाळेत ही गोळी फुकट मिळते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून पाण्यातून द्यायची. दोन ते 19 वर्षांपर्यंत एक पूर्ण गोळी, चावून खायची. मूल आजारी असेल तर बरं झाल्यावर द्या. जंत जास्त असतील तर गोळीनंतर थोडं पोट दुखतं, मळमळतं. घाबरू नका, पण त्रास वाढला तर आशाताईला लगेच सांगा. गरोदर ताईंनी पहिले तीन महिने ही गोळी घेऊ नये. नंतर नर्सताईंना विचारून घ्यावी. सिकलसेल असेल तर लोहाची गोळीही डॉक्टरांना विचारूनच.

आणखी एक. ऊसतोडीला गुजरातला गेलेल्या घरांतली पोरं फेब्रुवारीत गावात नसतात. त्यांची गोळी हमखास चुकते. तिकडच्या अंगणवाडीत विचारा. नाहीतर परत आल्याबरोबर आशाताईंना गाठा. गटाच्या बैठकीत अशा पोरांची यादी करा.

गोळी आज पोटात असलेले जंत काढते, उद्याचे अडवत नाही. उद्याचे अडवतात पायातली चप्पल, साबणाने धुतलेले हात, धुतलेली भाजी आणि वापरात असलेला संडास. त्या ताईंच्या पोरीचं शरीर जंताला विसरलं नव्हतं. ते एकटं लढत होतं. त्याला आपली साथ द्यायची आहे.