बंद पडलेला घटक-परीक्षक : आधी वीज, मग फर्मवेअर



आजच्या भाषणाचा विषय एक लहानसे उपकरण आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी कारागिराच्या मेजावर ते हल्ली हमखास आढळते. त्याच्या तीन टोकांना एखादा अनोळखी घटक जोडावा आणि बटण दाबावे. तो ट्रान्झिस्टर आहे, डायोड आहे की कपॅसिटर, हे पडद्यावर उमटते. मार्कुस फ्रेयेक या जर्मन हौशी तंत्रज्ञाने याची मूळ मांडणी केली व कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी ती विकसित केली. मांडणी सर्वांना खुली असल्यामुळे तिच्या असंख्य नकला बाजारात आल्या.

याचे अंतरंग साधे आहे. एटीमेगा ३२८ जातीचा मायक्रोकंट्रोलर हा त्याचा मेंदू. प्रत्येक टोकाला ६८० ओहम व ४७० किलोओहम असे दोन रेझिस्टर जोडलेले असतात. त्यांच्यामार्फत मायक्रोकंट्रोलर टोकांना आळीपाळीने विद्युत्‌दाब देतो, मिळालेला प्रतिसाद मोजतो आणि त्यावरून घटकाची जात ठरवितो. हे सारे घडवून आणणारी, त्याच्या स्मृतीत कोरलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर होय.

आता नेहमीची तक्रार पाहावी. बटण दाबले की पडदा उजळतो आणि बोट उचलताच विझतो. कारागीर तत्काळ निष्कर्ष काढतो की फर्मवेअर बिघडले; आणि जुने पुसून नवे भरावयास बसतो. पुष्कळदा ही आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी अशी गत असते.

याचे कारण उपकरणाच्या रचनेतच आहे. बटण दाबलेले असते तोवर वीज बटणाच्या मार्गाने येते. तेवढ्या अवधीत मायक्रोकंट्रोलर जागा होतो आणि आपली एक पिन उंचावून विजेचा मार्ग स्वतःच खुला धरून ठेवतो. फर्मवेअर चालत नसेल तर ही पिन उंचावत नाही. परंतु बॅटरी दुबळी असली तरी नेमके हेच घडते. पुरवठा ठरलेल्या मर्यादेखाली, उदाहरणार्थ ४.३ व्होल्टच्या खाली, घसरला की मायक्रोकंट्रोलर स्वतःला थांबवितो, पिन सुटते आणि उपकरण विझते. लक्षण एक, कारणे मात्र दोन.

म्हणून पहिली तपासणी विजेची. नऊ व्होल्टची बॅटरी सुटी मोजून भागत नाही. जीर्ण बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो; सुटी असता ती चांगला आकडा दाखविते आणि भार पडताच ढासळते. यास्तव बटण दाबून धरून मोजावे. ७८एल०५ या रेग्युलेटरला पाच व्होल्ट देण्यासाठी सुमारे सात व्होल्ट लागतात. त्यानंतर मायक्रोकंट्रोलरच्या अठ्ठावीस पायांपैकी सातव्या व विसाव्या पायावर पाच व्होल्ट पोहोचतात की नाही, ते पाहावे. बटणाचे व ट्रान्झिस्टरांचे टाकेही तपासावेत.

एवढे करूनही दोष उरला तरच फर्मवेअरकडे वळावे. आणि तेथे घाई सर्वांत महाग पडते. तयार मिळणाऱ्या उपकरणांतील मायक्रोकंट्रोलर बहुधा कुलूपबंद असतो. त्यातील आज्ञावली वाचून तिची प्रत काढता येत नाही आणि कुलूप उघडण्याची क्रिया तीच आज्ञावली पुसून टाकते. एकदा पुसलेले मूळ फर्मवेअर परत येत नाही. नवे भरावे तर ते त्या नकलेच्या पडद्याशी व जोडणीशी जुळलेच पाहिजे. अन्यथा उपकरण आत चालू असूनही पडदा कोराच राहतो. मायक्रोकंट्रोलर सॉकेटमध्ये बसविलेला असेल तर शहाणपणाचा मार्ग एकच : जुना काढून जपून ठेवावा व प्रयोग नव्यावर करावा.

नव्यावरही दोन गोष्टी सांभाळाव्यात. फ्लॅश व ईईप्रॉम अशा दोन्ही स्मृतींसाठी फाइली दिलेल्या असल्यास त्या दोन्ही भराव्यात. दुसरे असे की, कारखान्यातून आलेला एटीमेगा ३२८ एक मेगाहर्ट्‌झ गतीने चालतो. आठ मेगाहर्ट्‌झसाठी रचलेले फर्मवेअर त्यावर मंदावते आणि मापे चुकतात. यासाठी फ्यूज-बिट योग्य लावावे लागतात. मात्र स्फटिक नसताना बाह्य स्फटिकाचा बिट लावल्यास मायक्रोकंट्रोलर मेल्यासारखा होतो. बाहेरून स्पंदने पुरविल्याखेरीज तो उत्तर देत नाही.

उपकरण सुरू झाल्यावर तिन्ही टोके एकत्र जोडून आत्मपरीक्षण करवून घ्यावे. आणि कपॅसिटर तपासण्यापूर्वी तो रिता करण्यास कधीही विसरू नये. भरलेला कपॅसिटर मायक्रोकंट्रोलरचा एका क्षणात घात करतो.

वीज मोजल्याने काहीही नष्ट होत नाही. पुसल्याने मात्र होते. ज्या कृतीपासून माघार घेता येते ती आधी करावी आणि जिच्यापासून येत नाही ती शेवटी. दुरुस्तीच्या विद्येतील हा क्रम या लहानशा उपकरणालाही लागू आहे.