दवाखान्याबाहेरचा उपचार
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचं मनापासून अभिनंदन. कार्यकारिणीने मला आरोग्यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. ३१ वर्षं मी रुग्णालयात परिचारिका होते आणि इथे सगळे मला सिस्टर म्हणूनच हाक मारतात. त्यामुळे मी रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखीवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. आज मात्र मी अशा डॉक्टरांबद्दल बोलणार आहे, जे आजाराचं मूळ शोधत दवाखान्याबाहेर पडले. शेवटी सोसायटीकडे एक मागणीही आहे, तेव्हा जेवणाची घाई करू नका.

इंडोनेशियात बोर्निओ बेटावर गुनुंग पालुंग नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. मोठं दाट जंगल, ओरँगउटानांचं घर. १९९३ साली किनारी वेब नावाची एक अमेरिकन विद्यार्थिनी त्या प्राण्यांचा अभ्यास करायला तिथे गेली. जंगलात दिवसभर करवतीचा आवाज. झाडं तोडणारे कोण, तर जवळच्याच गावांतले लोक. घरात कुणी आजारी पडलं की पैसा लागायचा आणि पैसा मिळण्याची जागा एकच, जंगल. एका माणसाने एका सिझेरियनच्या खर्चासाठी ६० झाडं तोडली होती, असं त्या सांगतात. आता त्या माणसाला आपण काय म्हणणार? बायको वाचवू नको, झाड वाचव?

किनारी वेब परत गेल्या, डॉक्टर झाल्या आणि २००५ मध्ये त्यांनी 'हेल्थ इन हार्मनी' ही ना-नफा संस्था काढली. २००७ मध्ये डॉ. होत्लिन ओम्पुसुंग्गु या इंडोनेशियन दंतवैद्य बाईंच्या साथीने सुकादाना गावात दवाखाना सुरू झाला. पण त्याआधी त्यांनी एक काम केलं, ते मला फार आवडतं. गावोगावी बैठका घेऊन लोकांनाच विचारलं, "जंगल तुम्ही राखावं, तर त्यासाठी तुम्हाला काय हवं?" लोकांनी सांगितलं, आम्हाला परवडेल असा चांगला दवाखाना हवा आणि शेती नीट करायला शिकवा. मग तेच केलं.

त्या दवाखान्याचं बिल कसं असतं ते ऐका. रोख पैसे नसतील तर झाडाची रोपं द्या, शेणखत द्या, हाताने विणलेल्या वस्तू द्या. रोपं पुन्हा जंगलात लावतात. ज्या गावात झाडतोड कमी, त्या गावाला उपचारात सवलत जास्त. विधवा बायकांना शेळ्या दिल्या. शेळीला पिल्लू झालं की त्यातलं एक आणि थोडं खत परत करायचं. झाडं तोडणाऱ्यांकडून त्यांची करवत विकत घेतली आणि छोटा धंदा सुरू करायला भांडवल दिलं.

आमच्या खात्यात एक सवय होती, काम झालं की आकडे दाखवा. तर आकडे असे आहेत. पहिल्या दहा वर्षांत २८ हजारांहून जास्त रुग्णांनी या दवाखान्याचा लाभ घेतला. शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. इंडोनेशियातल्या इतर राष्ट्रीय उद्यानांच्या तुलनेत इथली जंगलतोड सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाली होती. आणि ज्या गावांनी दवाखाना जास्त वापरला, तिथे जंगलही जास्त वाचलं होतं.

तुम्ही म्हणाल, सिस्टर, बोर्निओचं जंगल कुठे आणि आपलं नागपूर कुठे! संबंध आहे. त्या झाडांत आणि तिथल्या मातीत प्रचंड कार्बन साठलेला असतो. जंगल तोडलं, जाळलं की तो हवेत जातो, आणि त्याने तापणारी हवा सगळ्या जगाची एकच आहे. नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा त्यात थोडा वाटा अशा तुटलेल्या जंगलांचाही असतो.

आता जवळचं उदाहरण सांगते, अहमदाबादचं. मे २०१० मध्ये तिथे तापमान ४६.८ अंशांवर गेलं. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू थोडेच होते. पण गांधीनगरच्या 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ'चे डॉ. दिलीप मावळंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातले त्या महिन्यातले सगळेच मृत्यू मोजले. नेहमीपेक्षा १३४४ जास्त भरले. उन्हाने माणूस गेला तरी दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो, मूत्रपिंड लिहिलं जातं. ऊन कुठेच लिहिलं जात नाही. हे मीही वॉर्डात अनेक उन्हाळे बघितलं आहे.

त्या मोजणीतून २०१३ मध्ये महानगरपालिकेने आणि या डॉक्टरांनी मिळून उष्णतेचा कृती आराखडा केला. आपल्या देशातला तो पहिला. आधीच इशारा द्यायचा, पाणपोया लावायच्या, बागा उघड्या ठेवायच्या, रुग्णालयांनी तयारीत राहायचं. पुढच्या अभ्यासात असं दिसलं, की त्यामुळे वर्षाला सरासरी हजाराहून जास्त जीव वाचले असावेत. नंतर असा आराखडा करणाऱ्या सुरुवातीच्या शहरांत आपलं नागपूरही आहे.

त्याच अहमदाबादेत एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, तो खालच्या मजल्यावर आणला. एवढ्यानेच उन्हामुळे अतिदक्षता कक्षात दाखल होणारी नवजात बाळं बरीच कमी झाली. औषध तेच, डॉक्टर तेच, फक्त डोक्यावर तापलेलं छत राहिलं नाही.

आणि आता मी आपल्या छताकडे येते.

आपल्या चौथ्या मजल्यावर सोळा घरं आहेत. त्यातल्या पाच घरांत सत्तरीपुढची माणसं राहतात, दोघी तर एकट्याच. रात्री अकरालाही त्यांच्या भिंतींना हात लावला तर चटका बसतो. गेटवरची चौकीदाराची खोली टिनाची आहे आणि दोन एसींची गरम हवा थेट तिच्यावर येते. बोर्निओवाल्यांसारखं मीही चौकीदार भाऊंना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? त्यांनी कूलर मागितला नाही. म्हणाले, "ताई, दुपारी बारा ते चार खुर्ची जिन्याखाली टाकू द्या, गेट तिथूनही दिसते. आणि पाण्याचा माठ ठेवा." घरकामाच्या बायांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, दुपारची भांडी सकाळी अकराच्या आत होऊ द्या, आम्ही लवकर येतो. यात पैसा किती लागतो सांगा!

रौप्यमहोत्सवी निधीतून गेटवर कमान बांधायचं ठरत आहे, हे मला माहीत आहे. कमान सुंदरच दिसेल आणि तिच्यासाठी ज्यांनी मेहनत घेतली त्यांचा मला आदर आहे. पण माझी मागणी अशी, की या निधीतून आधी मार्चमध्ये गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा, चौकीदाराच्या खोलीवर नीट छप्पर घालावं आणि त्या दोन एसींची तोंडं फिरवावीत. उरलेल्या पैशांत कमान करू. नाही उरले तर पुढच्या वर्षी करू. कमानीला ऊन लागत नाही.

तरुण मंडळींना एक काम देते. नवतप्याचे नऊ दिवस रोज दुपारी दोघांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची बेल वाजवायची. माणूस असंबद्ध बोलत असेल, अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर लगेच १०८ ला फोन करा, सावलीत न्या, अंगावर ओला कपडा फिरवा, पंखा लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. ज्यांना रक्तदाबाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी उन्हाळ्याआधी आपल्या डॉक्टरांना एकदा भेटून घ्यावं.

या ठरावासाठी मी येत्या सर्वसाधारण सभेत अर्ज देणार आहे. चौथ्या मजल्यावरच्या सह्या झाल्या आहेत, बाकीच्या मजल्यांच्या हव्या आहेत. जेवणानंतर वही माझ्याकडेच असेल.

सोसायटीच्या पुढच्या २५ वर्षांसाठी सर्वांना निरोगी आयुष्याच्या शुभेच्छा देते आणि थांबते.