हेलिकॉप्टर येईपर्यंत

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. सेक्रेटरी साहेबांच्या आग्रहावरून लिहून दिला आहे.)



मला सांगितलं होतं की दहा मिनिटं बोला, आणि नौदलाचं काहीतरी सांगा, पोरांना आवडतं. आपल्या सोसायटीत मला बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह आणि पार्किंग सोडून मी कधी कुठल्या विषयावर बोललो नाही. त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

मला नेहमी विचारतात, चंद्रपूरचा माणूस नौदलात कसा? इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मुंबई तर त्याहून लांब. आपल्याकडे जंगल आहे, कोळसा आहे, वाघ आहेत. पण पाणी कमी नाही. आमचं गाव वैनगंगेच्या काठावर. गावात धिवरांची घरं होती. त्यांच्यातल्या एका काकांनी आम्हा पोट्ट्यांना डोंग्यातून सरळ धारेत ढकलून पोहायला शिकवलं. ढकलायचे आणि स्वतः बिडी ओढत बसायचे. पण नजर आमच्यावर असायची, हे फार उशिरा कळलं. पोरींना मात्र कोणी शिकवलं नाही. माझी बहीण काठावर कपडे धूत बसायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी परत येणार आहे तिच्याकडे.

१९८२ साली भरती झालो. ओडिशात चिल्काला ट्रेनिंग. निघताना आई म्हणाली होती, "समुद्रात कायले जातं रे बाप्पा, आपल्या इथं का पाणी कमी हाय?" पुढे कोचीला नौदलाच्या डायव्हिंग स्कूलमध्ये गेलो आणि तिथून हेलिकॉप्टरवर. मुंबईला कुलाब्याच्या टोकाशी तेव्हा कुंजली नावाचा तळ होता. २००९ पासून त्याला आयएनएस शिक्रा म्हणतात. तिथली चेतक हेलिकॉप्टरं शोध आणि बचावाचं काम करायची. चेतक म्हणजे लहानसं हेलिकॉप्टर, एका इंजिनाचं. आत पायलट, विंच चालवणारा आणि दारात पाय सोडून बसलेला मी.

विंच म्हणजे आपल्या बी विंगच्या लिफ्टची धाकटी बहीण. फरक इतकाच की ती बंद पडून चालत नाही. (सेक्रेटरी साहेब, हसून सोडून देऊ नका.)

सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. पायलटला बरोबर खाली काय आहे ते दिसतच नाही. विंचवाला दारातून वाकून बघतो आणि हेडसेटवर त्याला सांगत राहतो, पुढे दहा, पुढे पाच, उजवीकडे दोन, थांब. सगळा खेळ त्या आवाजावर. हेलिकॉप्टर हळूहळू सरकत असताना डायव्हर दहा-पंधरा फुटांवरून उडी मारतो. वरून पंख्याचा वारा असा काही येतो की पाणी टाचणीसारखं तोंडाला टोचतं. श्वास घ्यायला मान वळवावी लागते. वरून हूक आला की तो झटकन पकडायचा नाही, आधी समुद्राला टेकू द्यायचा. हवेत घिरट्या घालताना हेलिकॉप्टरमध्ये वीज साठते, ती पाण्यात उतरली पाहिजे. नव्यानं आलेला प्रत्येक जण एकदा तरी तो झटका खातो. मीही खाल्ला, आणि वर विंचवाला पोट धरून हसत होता.

बुडणाऱ्या माणसाजवळ समोरून जायचं नाही. तो तुमच्या खांद्यावर चढतो. चढणारच, त्याला तुम्ही माणूस दिसत नाही, ओंडका दिसता. मागून जायचं, काखेतून हात घालायचा, तोंड पाण्यावर ठेवायचं आणि कानाशी बोलत राहायचं. मी मराठीतच बोलायचो. समोरचा मल्याळी असो की फिलिपिनो, "झालं, झालं, आलं बघ" एवढंच म्हणायचो. समजायचं त्यांना. मग काखेखालून पट्टा घालायचा आणि बजावायचं की हात वर करू नको. हात वर केले की माणूस पट्ट्यातून खाली सुटतो. आणि वर जाताना हात जोडून नमस्कार करायची नाहीतर हात वर करायची इच्छा प्रत्येकाला होते!

आता एक सांगतो, जे घरीही फारसं बोललो नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, नावा दर्यात उतरल्या होत्या आणि एकाएकी हवा बिघडली. एक मच्छीमार नाव उलटल्याचा निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा तिघं जण पालथ्या नावेला धरून होते आणि दोघं थोडे लांब, एका प्लास्टिकच्या कॅनला धरून. एक पन्नाशीचा माणूस आणि एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. नावेला आधार होता म्हणून मी आधी त्या दोघांकडे गेलो. माणूस म्हणाला, "पोराला न्या आधी." मीही तेच केलं असतं. पोराला पट्टा घातला, अंगठा दाखवला, तो वर गेला. दीड-दोन मिनिटं लागली असतील. पोरगा दारात ओढला गेला तेवढं मी पाहिलं आणि वळलो. कॅन वाऱ्यानं सरकत लांब चालला होता. माणूस नव्हता.

मी बुडी मारली, परत मारली. गढूळ पाणी, हातभर पुढचं दिसत नव्हतं. मग नावेवरच्या तिघांना एकेक करून वर पाठवलं, कारण ते जिवंत होते आणि इंधन मोजकं होतं. तळावर परतल्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, "त्याला पोहता येत नव्हतं." आयुष्य दर्यावर काढलेला माणूस. मला खरं वाटलं नाही. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की असे पुष्कळ असतात. नाव आहे ना पायाखाली, मग पोहायचं कशाला.

त्याला दोन मिनिटं पाठीवर पडून तरंगता आलं असतं तर माझा हात पोचला असता. चार माणसं वाचली म्हणून आमचं कौतुक झालं. मी जेवलो नाही त्या रात्री.

निवृत्त होऊन इथे आलो. टीव्हीवर आमच्या पुढच्या पिढीची कामं बघतो. २०१८ च्या केरळच्या पुरात अलुव्याला एका गरोदर बाईला नौदलाच्या हेलिकॉप्टरनं दोरानं वर घेतलं आणि त्याच दिवशी तिला मुलगा झाला. ते दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. मे २०२१ च्या तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ नावाचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. लाटा इतक्या की जहाजाजवळ माणूस आणणं मुश्कील. तरी आयएनएस कोची आणि इतर जहाजांनी, हेलिकॉप्टरांनी मिळून १८६ जणांना जिवंत काढलं. त्यातले कित्येक जण रात्रभर पाण्यात होते. रात्रभर! अंगात लाइफ जॅकेट होतं, म्हणून तरंगत राहिले. सगळे नाही वाचले, पण जे वाचले ते हेलिकॉप्टर येईपर्यंत वर राहिले म्हणून वाचले. मी बातमी बघत होतो आणि मला तो कॅन दिसत होता.

आता आपल्याकडे या. भामरागडचा पर्लकोटेवरचा पूल वर्षानुवर्षं पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पलीकडची गावं तुटतात. २०२२ च्या जुलैत इरईचं पाणी शहरातल्या सखल वस्त्यांत शिरलं, ते आपल्यातल्या अनेकांनी गच्चीवरून पाहिलं. आणि २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली. जानेवारीत! ना पूर, ना वादळ. रोजच्या कामाला निघालेल्या बाया होत्या त्या. त्यातल्या कित्येक घरी परतल्या नाहीत.

त्या दिवशी मी पेपर हातात घेऊन बराच वेळ बाल्कनीत बसलो. माझ्याच नदीवर. मी वीस वर्षं अनोळखी माणसांना समुद्रातून काढलं, आणि माझ्या बहिणीला, बायकोला, सुनेला अजून पाठीवर तरंगता येत नाही. संध्याकाळी बहिणीला फोन केला. म्हटलं, तू कशी गं शिकली नाहीस? ती म्हणाली, "मले कोनं विचारलं होतं का?" आता सत्तरीची आहे ती.

आपल्या नाल्यावर चेतक येणार नाही. आलं तरी वेळ लागेल. तोवरचा वेळ आपला आपणच काढायचा आहे. म्हणून सेक्रेटरी साहेबांनी भाषणाला बोलावलं तेव्हा मी एका अटीवर हो म्हटलं. ती अट अशी.

मूल रोडला माझ्या एका मित्राच्या शेतात पायऱ्यांची विहीर आहे. येत्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की कमरेइतकं राहतं. तिथे दर रविवारी सकाळी सहाला मी शिकवणार. स्पर्धेचं पोहणं नाही. पाठीवर पडून दहा मिनिटं तरंगणं, एवढंच. जमलं की मग पुढचं. शेततळ्यात मुळीच नेणार नाही. तिथला प्लास्टिकचा कागद शेवाळानं इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तुमच्या कोणाच्या शेतात शेततळं असेल तर आजच जाऊन काठाला गाठी मारलेला दोर बांधा आणि त्याचं टोक पाण्यात सोडून ठेवा.

पाच लिटरचे तेलाचे रिकामे कॅन घरी असतील तर फेकू नका, झाकणासकट माझ्याकडे आणून द्या. वीस लागतील. दोर मी आणतो. एका वेळी सहाच जण, आणि काठावर दोन मोठी माणसं हवीत. बिडी ओढणारी चालतील, नजर पाण्यावर पाहिजे.

नावं वॉचमनच्या वहीत लिहून द्या. मुली आणि बायका आधी. पहिल्या पानावर पहिलं नाव आमच्या मंडळींचं आहे. कालच लिहिलं तिनं, वय एकसष्ट. दुसरी ओळ रिकामी आहे.