रांग उंचीची आणि नाते रक्ताचे

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त मानेसर येथे झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



प्रार्थनेच्या वेळी आपण मुलांची रांग उंचीप्रमाणे लावतो. शेजारी उभी असलेली दोन मुले सारख्या उंचीची असतात. म्हणून ती भावंडे ठरत नाहीत. वनस्पतिशास्त्राला हे उमगायला दीर्घ काळ लागला. सिलॅजिनेला या इवल्या वनस्पतीची कथा त्याची साक्ष देते.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या दरडींवर तिचा हिरवा गालिचा पसरतो. इंग्रजीत तिला ‘स्पाइकमॉस’ म्हणतात, परंतु ती मॉस नव्हे. मॉसमध्ये नसलेल्या खऱ्या जलवाहिन्या तिच्या देहात असतात. बी मात्र नसते. ती बीजुकांपासून वाढते. म्हणून जुन्या पाठ्यपुस्तकांनी तिला ‘नेच्यांचे सोबती’ या प्रकरणात बसविले. ती रांगही उंचीचीच निघाली. वाहिनीवंत वनस्पतींच्या वंशवृक्षाला ४० कोटी वर्षांपूर्वीच दोन फांद्या फुटल्या. एकीवर सिलॅजिनेला आणि तिचे आप्त, तर दुसरीवर नेचे आणि सर्व सबीज वनस्पती. म्हणजे कुंडीतले नेचे हे सिलॅजिनेलापेक्षा अंगणातल्या आंब्याचे जवळचे नातलग आहे!

मग तिचे सख्खे कोण? उत्तर आपल्याच पांचगणीच्या पठारावर आहे. पावसाळी डबक्यांत गवतासारखी दिसणारी आयसोएटीस ही वनस्पती हयात असलेल्यांपैकी तिची सर्वांत निकटची आप्त. दिसण्यात दोघींत तिळमात्र साम्य नाही. परंतु पानाच्या बुडाशी असलेली सूक्ष्म जिव्हिका आणि लहान व मोठी अशी दोन प्रकारची बीजुके या खुणा दोघींत आहेत. पांचगणीचे नाव धारण करणारी आयसोएटीसची एक जात आहे. सह्याद्रीच्या नावाची दुसरी जात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांनी नोंदविली. याच घराण्यातील लेपिडोडेंड्रॉनसारखे महावृक्ष सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलीत उभे होते. युरोप-अमेरिकेतील दगडी कोळशाचा मोठा वाटा त्यांच्या अवशेषांचा आहे.

सिलॅजिनेलाच्या ७०० हून अधिक जाती आहेत. वाळून मुठीसारखी मिटणारी आणि पाणी मिळताच उलगडणारी, बाजारात ‘संजीवनी’ म्हणून विकली जाणारी जात आपल्या देशातली. तशीच एक मेक्सिकोत आढळते. दोघी सख्ख्या बहिणी वाटतात, पण वाळून पुन्हा जगण्याचे हे कसब या घराण्यात वेगवेगळ्या शाखांनी स्वतंत्रपणे कमावले आहे. सवय सारखी, वंश निराळा.

२०११ मध्ये सिलॅजिनेलाच्या एका जातीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २२ हजार जनुके आढळली. डीएनएच्या आधारे २०१६ मध्ये अभ्यासकांनी एकच प्रजाती राखून तिचे सात उपगट केले. २०२३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तिच्या १९ प्रजाती करण्याचा प्रस्ताव मांडला. वंशवृक्षाच्या मुख्य फांद्यांविषयी बरेचसे एकमत आहे. कोणत्या फांदीला स्वतंत्र नाव द्यावे, यावर वाद आहे. विद्यार्थी विचारतात, “बाई, मग खरे उत्तर कोणते?” नाते हे निसर्गाचे असते आणि नाव माणसाने दिलेले असते, हा भेद ज्याला कळला त्याला विज्ञान कळले, असे मी त्यांना सांगते.

येथे अरवलीच्या पायथ्याशी, कारखान्यांच्या या नगरीत आपण स्थिरावला आहात. सुटीत मुलांना गावी न्याल, तेव्हा पांचगणीच्या पठारावर थोडे वाकून पाहायला सांगा. ज्याला पर्यटक चिखलाचे डबके समजून तुडवितात, तेथे ३५ कोटी वर्षांहून जुन्या एका नात्याचा दुवा उभा असतो. डबके बुजले, तर तो दुवा कोणत्याही शाळेला पुन्हा निर्माण करता येणार नाही. पाऊल जपून टाकावे, एवढीच विनंती.